गंधाराचा ताळेबंद

१९०७ साली कलकत्त्याच्या सरकारी हिशेब खात्यात अठरा वर्षांचा एक मद्रासी तरुण असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. पगार उत्तम, हुद्दा मानाचा आणि पुढचा मार्ग सरळ पेन्शनपर्यंत जाणारा. पण या तरुणाला एक खोड होती. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर तो बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जाऊन बसे. तिथे तारा छेडायच्या, गज फिरवायचे, कातड्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि ती कशी सरकते ते पाहायचे, असा त्याचा उद्योग चाले. मधे रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही त्याची बदली झाली. दहा वर्षे असा दुहेरी संसार केल्यावर १९१७ साली त्याने ती भरभक्कम नोकरी सोडली आणि कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. हा तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. पुढे १९३० साली त्यांना प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या झगमगाटात आधीचा ध्वनीचा अभ्यास मागे पडला.

मी स्वतः तीसएक वर्षे बँकेत काढली. खतावणी, तारण, व्हाउचर आणि दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम. त्यामुळे रामन यांच्याविषयी मला जरा भाऊबंदकीची आपुलकी वाटते. त्यांच्या बुद्धीशी बरोबरी सांगण्याचा प्रश्नच नाही. पण दिवसभर दुसऱ्याच्या पैशांची बेरीज जुळवून संध्याकाळी सुरांची बेरीज करू पाहणारा माणूस कसा असेल, हे मला थोडेफार उमजते. निवृत्त झाल्यावर मी सांगलीत स्थायिक झालो आणि दोन गोष्टी एकदमच सुरू केल्या. एक, आमच्या वसाहतीतल्या भजनी मंडळात टाळ घेऊन उभा राहू लागलो. दोन, वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर मिळेल ते वाचू लागलो. गुरुवारी भजन आणि बाकीचे दिवस पुस्तक. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की काय होते, ते आज सांगायचे आहे.

आधी पखवाज-तबल्याची गोष्ट. नुसते कातडे गोल कड्यावर ताणून त्यावर थाप मारली तर आवाज येतो, सूर येत नाही. ताशा आठवा. कारण असे की तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटींचे उपस्वर निघतात आणि ते एकमेकांत मिसळून जातात. ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मात्र १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडनिडे असतात. व्याजाचा दर अपूर्णांकात असावा आणि मुद्दलही अपूर्णांकात, तसा हा हिशेब काही केल्या जुळत नाही. म्हणून जगातले बहुतेक ढोल-नगारे लय देतात, स्वर देत नाहीत.

आपल्याकडच्या कुणा अनाम कारागिराने यावर तोड काढली. त्याने कातड्याच्या मध्यभागी शाई लावली. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांचे एकावर एक पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, घोटता घोटता त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक भेगा पडू द्यायच्या. त्या भेगांमुळे शाई जड होते तरी कडक होत नाही, कातड्याबरोबर लवते. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या शाईवर एक टिपण लिहिले. शाईमुळे कातड्याचे उपस्वर सरळ एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येऊन बसतात, हे त्यांनी दाखवले. १९३४ च्या निबंधात रामन यांनी ते आणखी उलगडून सांगितले. कातडे नऊ निरनिराळ्या तऱ्हांनी थरथरते, पण शाईच्या वजनामुळे त्या नऊ तऱ्हा पाचच स्वरांत जमा होतात. पहिल्या आणि दुसऱ्या स्वराची एकेक तऱ्हा, तिसऱ्या-चौथ्याच्या दोन दोन आणि पाचव्याच्या तीन. बेरीज करून पाहा, नऊ येते. मला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा महिनाअखेरीचा ट्रायल बॅलन्स एका फटक्यात जुळल्याचा आनंद झाला होता.

वाळूची गंमत अशी की, कातड्याचा जो भाग थरथरत नाही तिथे ती गोळा होते आणि रेघा उमटतात. तबलजी ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवतो आणि तर्जनी चाटेवर मारतो. ती अनामिका म्हणजे अशी एक रेघच आहे. त्या बोटाने तो मूळ स्वर दाबतो आणि वरचे स्वर मोकळे सोडतो. प्रयोगशाळेत जे वाळूने दिसले ते वादकाचे बोट पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. आमच्या मंडळाचे पखवाजवादक वखारीत मुनीम होते. त्यांना मी हे चित्र काढून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, म्हणजे आम्ही इतकी वर्षं करत होतो ते बरोबरच होतं म्हणायचं.” मग डाव्या पुडीच्या कणकेत आणखी चिमूटभर पाणी घालून ती मळत बसले.

आता तंबोरा. सांगलीला राहून मिरजेच्या तंबोऱ्याविषयी बोलायचे नाही म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाचे नाव टाळण्यासारखे आहे. मिरजेतले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले आणि त्यांच्यामागून सतारमेकरांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नोकरीत असताना मी एका सतारमेकराचे कर्जाचे प्रकरण पाहिले होते. तारण काय, तर आढ्याला टांगलेले भोपळे आणि भिंतीला टेकवलेल्या तुणाच्या लाकडाच्या फळ्या! पंढरपूर भागातून आणलेले ते कडू भोपळे नीट वाळेपर्यंत भांडवल अडकून पडते, म्हणून कर्ज हवे. मी मूल्यांकनाचा कागद घेऊन उभा आणि तो गृहस्थ एकेका भोपळ्यावर टिचकी मारून सांगतो आहे, हा चांगला बोलेल, हा मुका, याला अजून एक उन्हाळा पाहिजे. बँकेच्या छापील अर्जात ‘मुका’ असा रकाना नव्हता. कर्ज मंजूर झाले आणि वेळेवर फिटलेही.

तंबोऱ्याच्या चार तारा. पंचम, दोन जोड आणि खर्ज. त्यांत गंधाराची तार नाही. तरीही चांगला जुळलेला तंबोरा शांत खोलीत छेडत बसलात तर खर्जातून गंधार ऐकू येतो. गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा भास नव्हे. तारेच्या मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणजेच गंधार. खर्ज सेकंदाला १२० कंपनांचा असेल तर ६०० कंपनांचा गंधार त्याच्या पोटातच असतो. तो इतका स्पष्ट होतो तो घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीमुळे आणि तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्यामुळे. यालाच जवारी म्हणतात. १८०० च्या सुमारास टॉमस यंग यांनी तारेचा एक नियम सांगितला होता. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटणार नाही. रामन यांनी १९२१ साली दाखवले की तंबोरा हा नियम पाळत नाही. घोडीच्या पाठीला तार पुन्हा पुन्हा घासून उठते आणि जे उपस्वर निघायला नकोत तेही निघतात. धागा केसभर पुढेमागे झाला की जवारी बंद. ती खोलणारा हात मिरजेत अजून आहे, पण असे हात थोडे उरले आहेत, कारण आता पुष्कळ घरांत तंबोऱ्याच्या जागी पेटीएवढा इलेक्ट्रॉनिक डबा किंवा मोबाइल फोन गुणगुणत असतो.

इथवर सगळे पुस्तकी आणि निर्धोक होते. प्रश्न आला तो पेटीमुळे, आणि तो माणसाच्या अंगाशी आला.

आमच्या मंडळात एक ज्येष्ठ गायक आहेत. आम्ही सगळे त्यांना बुवा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी गावच्या देवळात तंबोऱ्यावर शिकले, पुढे सूतगिरणीत नोकरी केली, पण गाणे सोडले नाही. रूपाचा अभंग त्यांनी विलंबित लयीत सुरू करावा आणि बाकीच्यांनी टाळ मांडीवर ठेवून ऐकावे, असा रिवाज. काही वर्षांपूर्वी मंडळाने देणगीतून नवी, मोठ्या आवाजाची पेटी घेतली. पेटीमास्तर तयारीचे आहेत, ऐन भरात वाजवतात. पण तेव्हापासून कुजबूज सुरू झाली की बुवांचा गंधार उतरतो. वय झाले, असे लोक म्हणू लागले. ते बुवांच्या कानावर गेले. एका गुरुवारी ते आले, मागच्या रांगेत बसले आणि टाळ हातात घेतला. पुढच्या गुरुवारीही तेच. आग्रह केला तर म्हणत, “आता तुम्ही म्हणा. माझा सूर लागत नाही असं चारचौघं म्हणतात, तर लागत नसेल.”

आता पेटीकडे वळू. ही पाहुणी युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीची हातपेटी करून दिले आणि बघता बघता ती घरोघरी, देवळोदेवळी पोचली. हिची अडचण एकच. हिचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. त्यामुळे कुठलीही पट्टी षड्ज धरली तरी गाणे वाजते, ही मोठीच सोय. पण निसर्गाने सप्तक सारखे कापलेले नाही. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले, ज्यांना सेंट म्हणतात, तर पेटीचा पंचम तंबोऱ्याच्या पंचमापेक्षा दोन भागच उतरलेला असतो. ते कुणाच्या लक्षात येणार नाही. गंधार मात्र चौदा भाग चढलेला असतो. हिशेबाच्या सोयीसाठी षड्ज २४० कंपनांचा धरा. तंबोऱ्याचा गंधार ३००, पेटीचा ३०२.४. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. कानाला ती लाट जाणवते, पण तिचे कारण उमगत नाही, आणि मग कुणाला तरी बेसूर ठरवावे लागते. पेटी कधीच बेसूर ठरत नाही, कारण ती लाकडाची आणि विकत घेतलेली असते.

या भांडणाला आमच्याच भागात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवले, त्यांच्या स्वरांशी तार जुळवून तिची लांबी मोजली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, वाद्यांची दुरुस्तीही स्वतः करणारे. नंतर क्लेमेंट्स नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने या मोजमापांवरून श्रुती हार्मोनियम करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत हा विषय निघाला तेव्हा वादंग झाले, आणि पंडित भातखंड्यांना तर हा मार्गच मान्य नव्हता. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने एका गवयाला समोर बसवून तार मोजली, या प्रसंगाचे मला विशेष अप्रूप वाटते. मोजणारा आणि गाणारा एकाच सतरंजीवर बसले होते.

आमच्या पखवाजवादकांचा नातू अभियांत्रिकीला आहे. त्याच्या फोनमध्ये स्वराची कंपने दाखवणारी सोय आहे. एका दुपारी आम्ही देवळाच्या सभामंडपात बसलो. बुवांना मी एवढेच म्हणालो, “बुवा, पोराला अभ्यासाला हवंय, जरा आकार लावा.” आधी नुसता तंबोरा, मग नुसती पेटी आणि गुरुवारी सगळे मंडळ जमल्यावर तिसऱ्यांदा. हा काही प्रबंध नव्हे. माणसाचा आवाज सतत थोडा डुलत असतो, त्याला एक आकडा चिकटवता येत नाही. पण कल स्पष्ट होता. तंबोऱ्यावर बुवांचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारावर जाऊन बसत होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! पेटीवर तो दोन घरांमध्ये जा-ये करत होता, कधी पेटीपाशी, कधी आपल्या जुन्या जागी. आणि सगळे मंडळ गात असताना तो कुठे आहे हे फोनला सांगताच येईना, कारण तेव्हा एक गंधार नव्हताच. चौदा माणसांचे चौदा, आणि त्यात पेटीचा पंधरावा.

समूहाच्या गाण्याचे खरे गूढ इथे आहे, असे मला वाटू लागले. एकटे वाद्य बंद खोलीत ठेवून मोजता येते. मंडळ मोजायला गेले की खोली, माणसे, हवा सगळेच हिशेबात शिरते. १८९५ साली हार्वर्डचे तरुण प्राध्यापक वॉलेस सेबाइन यांच्याकडे एक व्याख्यानगृह आले, ज्यात बोललेले शब्द एकमेकांत मिसळत होते. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, घुमणारा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळ व्हायच्या आत परत ठेवायच्या, असा उद्योग केला. माणसाच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात, हे त्यांच्या ध्यानात आले. आमच्या सभामंडपातही हे दिसते. दुपारी रिकाम्या मंडपात टाळेचा नाद फरशीवरून आणि घुमटातून परत येत राहतो. एकादशीला दीडशे माणसे बसली की तोच टाळ सुका वाजतो आणि मग प्रत्येकजण आपला टाळ जोरात हाणतो.

हवेचेही तसेच. पावसाळ्यात पखवाजाची पुडी सैल पडते, गट्टे ठोकावे लागतात. मंडप तापला की तंबोऱ्याच्या तारा उतरतात. माणसाचा आवाज गाता गाता तापतो आणि चढतो. पेटीची पितळी पाती मात्र फारशी हलत नाहीत. म्हणजे सगळे एकमेकांकडे कान देऊन सरकत असतात आणि पेटी तेवढी आपल्या जागी ठाम असते. ती आधारही देते आणि ऐकतही नाही. हे दोन्ही एकाच गुणामुळे.

आणि लय? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. दिंडीत चौतीस मीटर मागे असलेल्या टाळकऱ्याला पुढचा पखवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो. सेकंदाला चार ठोके पडत असतील तर जवळजवळ अर्धा ठोका मागे. वारीत मी पाहिले आहे, मागचे टाळकरी नुसत्या कानावर विसंबत नाहीत. पुढच्याचे हात, पावले, खांदे यांवर त्यांचे डोळे असतात. डोळ्यांना उशीर होत नाही. हे त्यांना कुणी शिकवलेले नसते, चालता चालता येते.

बुवांचा निकाल मी मंडळाच्या बैठकीत मांडला. आकडे वाचून दाखवले. पेटीमास्तरांना ते लागले असणार, पण ते मोठ्या मनाचे. म्हणाले, “मग पेटीच मिळवून घेऊ ना बुवांच्या स्वराला. मिरजेत नेऊ.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मिरजेचा कारागीर पात्याच्या टोकाला कानस लावून स्वर चढवतो आणि बुडाशी खरवडून उतरवतो. काळी एक हा बुवांचा षड्ज. त्या षड्जाला सगळे स्वर नैसर्गिक करून देतो म्हणाला. पण हेही म्हणाला की, “खरवडलेलं पितळ परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

तेवढ्यात आमच्या महिला मंडळाच्या बाई बोलल्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. बुधवारी हीच पेटी त्या वापरतात, आणि त्यांचा षड्ज काळी पाच. त्यांनी विचारले, “बुवांचा गंधार जागेवर येईल, उत्तम. आमच्या गंधाराचं काय होईल?”

मी घरी येऊन वहीत हिशेब मांडला. काळी एकला षड्ज मानून नैसर्गिक सूर बसवले तर काळी पाच हा धैवत होतो, आणि बायकांच्या गंधाराच्या जागी बुवांचा कोमल ऋषभ येतो. तो त्यांच्या षड्जाशी नीट जमत नाही. पुन्हा २४० चा षड्ज धरला तर गंधार ३०० हवा, तो येईल ३०७.२. म्हणजे आज चौदा भाग चढलेला गंधार उद्या एक्केचाळीस भाग चढेल. बुवांचे कर्ज फेडायला बायकांच्या नावावर जवळजवळ तिप्पट कर्ज काढल्यासारखे ते झाले असते. सप्तक सारखे कापणाऱ्यांनी हेच ओळखले होते. कुणा एकाचा गंधार अचूक करण्यापेक्षा सगळ्यांचा थोडा थोडा चुकीचा ठेवला तर सगळ्यांना एकत्र गाता येते. त्या तडजोडीला नावे ठेवणे सोपे आहे. पण भजनी मंडळ चालवून पाहिलेल्या माणसाला तिच्यातले शहाणपणही दिसते.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही आकडे ठेवले. पेटी खरवडायची नाही असे ठरले. त्याऐवजी बुवा रूपाचा अभंग सुरू करतील तेव्हा पेटी थांबेल आणि नुसता तंबोरा वाजेल. ध्रुपद उचलले की पेटी, पखवाज, टाळ सगळे येतील. मास्तरांनी स्वतःहून भर घातली की बुवांबरोबर वाजवताना आपण गंधारावर थांबणार नाही, त्याच्यावरून हलकेच निघून जाऊ. मिरजेत तंबोऱ्याची जवारी खोलून आणली. बुवा पुन्हा पुढच्या रांगेत आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या त्या फोनमुळे मी गात नाहीये बरं का. तंबोरा परत दिलात म्हणून गातोय.” मी होय म्हटले. ते खरेच होते. फोनने फक्त साक्ष दिली.

वाचकहो, कुणाच्या घरी माळ्यावर जुना तंबोरा पडला असेल तर तो खाली काढा, जाणत्याकडून जवारी नीट करून घ्या आणि पंखा बंद करून दहा मिनिटे छेडत बसा. गंधार ऐकू येईल. पहिल्या दिवशी आला नाही तर चौथ्या दिवशी येईल. घरातली लहान मुले मोठ्यांच्या आधी ऐकतात, कारण त्यांचे कान ताजे असतात. एकदा तो ऐकला की मग कुणाचा सूर उतरला असे म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबतो, हा माझा अनुभव.

महिला मंडळाने आता स्वतंत्र पेटीची मागणी केली आहे. ती रास्तच आहे. त्यांची पेटी काळी पाचला नैसर्गिक करून घ्यायची की बाजारात मिळते तशीच ठेवायची, यावर बुधवारी चर्चा असते, आणि बाई प्रत्येक वेळी मला वही घेऊन यायला सांगतात. मंडळाचा खजिनदार मीच. खात्यात निम्मे पैसे जमले आहेत.